रेडिओच्या डाव्या बाहीत काय होतं

आमच्या गल्लीत एकेकाळी अशी कुजबुज होती, की रेडिओच्या डाव्या बाहीत यंत्र आहे. साधंसुधं नाही, आवाज टिपून घेणारं. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक जे जे बोलतं ते सगळं त्यात भरतं, आणि आठवड्यातून तीनदा सकाळी रेडिओ ते कुठेतरी नेऊन रिकामं करून येतो. कुठे? तर वर. वर म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. विचारणाऱ्याचाच आवाज टिपला गेला म्हणजे?

रेडिओ हा माणूस होता, हे आधी सांगितलेलं बरं. सलूनमधला कारागीर. चाळिशी ओलांडलेला, शिडशिडीत, रंगाने जरा काळवंडलेला. आधी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सलूनमध्ये होता. तिथे म्हणे त्याची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालायची, म्हणून त्याला रेडिओ म्हणायचे. वस्तऱ्याची पाती आणि साबण विकायला येणारा माणूस दोन्ही सलूनमध्ये जायचा, त्याच्याबरोबर ते नाव आमच्याकडे आलं. बोलणं मात्र तिकडेच राहिलं. आमच्याकडे आलेला रेडिओ बंद होता. "बारीक की मध्यम?" आणि "मान खाली," एवढीच त्याची बातमीपत्रं.

न बोलणारा न्हावी! मला तर हा गुन्हाच वाटला. मी दाढी घरीच करतो, सलूनमध्ये जातो तो पेपर वाचायला, आणि पेपर हे निमित्त. तिथल्या बाकावर बसलं की गल्लीची सगळी खबर चालत येते, मान खाली घालून बसते आणि कापडाखालून बोलायला लागते. सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या. सगळ्यात मानाची खिडकीजवळची, ती रेडिओची. रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी ती दिसायची. आमच्या शेठचा, म्हणजे सलूनच्या मालकाचा, त्या खुर्चीवर फार जीव. तो म्हणायचा, "खिडकीतली खुर्ची रिकामी दिसली ना, की माणूस समजतो दुकान पडलंय, आणि हात डोक्यावरून फिरवत पुढे जातो." कारागिराला पगार नव्हता. जेवढी डोकी तेवढी कमाई, निम्मी शेठची, निम्मी त्याची. म्हणजे खुर्ची रिकामी राहिली की शेठच्या गल्ल्याला भोक आणि कारागिराच्या चुलीला.

आता मला सांगा, अशा खुर्चीवरचा कारागीर आठवड्यातून तीन सकाळी गायब कसा होतो? आणि दुपारी येतो तो धुऊन पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा! आल्यावर त्याने चाकांचं एक उंच स्टूल घ्यायचं आणि गिऱ्हाइकाभोवती बसल्या बसल्या फिरत केस कापायचे. उभा राहून कापणारा कारागीर पाहिलाय, बसून कापणारा मी पहिल्यांदाच पाहिला. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागलेल्या असायच्या, बाकीचे कारागीर बनियनवर यायचे, आणि ह्याचा शर्ट मनगटापर्यंत. उजवी बाही दुमडलेली, डावी कधीच नाही. बरं, ती डावी बाही मुद्दाम ढगळ शिवलेली. तिच्यात अख्खा भोपळा मावला असता. हाताला घड्याळ नाही. चहा दिला तर नको. पाणी दिलं तर नको. गालात मात्र सतत काहीतरी गोटीसारखं, ह्या गालातून त्या गालात फिरणारं. कोणी म्हणे खडीसाखर. ज्यांना यंत्राचं कळलं होतं ते म्हणायचे, ती यंत्राची कळ आहे, जीभ लावली की सुरू होतं.

आणि घुरघुर! तिचं तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सांगतो. कानामागचे केस कापायला तो वाकला आणि त्याचं डावं मनगट कानाला टेकलं, की आत ऐकू यायचं. घुर्र... घुर्र... घुर्र. उशाशी मांजर येऊन निजल्यासारखं. गिऱ्हाईक दचकायचं. रेडिओ हात चटकन मागे घ्यायचा. "मान खाली."

झालं. गल्लीला आणखी काय हवं होतं?

त्यानंतर त्या खुर्चीत जे चाललं, त्याला जगात तोड नसेल. लोक तिथे बसले की एकदम सज्जन व्हायचे. चष्म्याच्या दुकानवाला, जो एरवी काचेवरचा ओरखडा बोटाने झाकून चष्मा विकायचा, तो डावा कान वर करून म्हणायचा, "मी बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला पक्की पावती देतो." आमच्या इमारतीचे अध्यक्ष त्याहून धोरणी. त्यांनी ओळखलं, की बाही जर वर जात असेल तर आपलं म्हणणंही तिच्यातून वर जाईल. ते खुर्चीत बसून चक्क बाहीशी बोलायचे.

"इमारतीमागचं गटार महिनोन्महिने तुंबलंय. ऐकताय ना? मागचं. पुढचं नाही."

"साहेब, मान खाली," रेडिओ म्हणायचा.

"तुला नाही रे सांगत मी."

आणि गंमत बघा, पुढच्याच आठवड्यात पालिकेची माणसं आली आणि गटार उपसून गेली. मग तर विचारूच नका. ज्याला कुठे अर्ज करायचा असेल तो आधी केस वाढवायला लागला. रस्त्यावरचा दिवा, नळाचं पाणी, वरच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा, सगळं त्या बाहीत जायला लागलं. भरलेली खुर्ची बघून शेठ खूश, पण मनातून टरकलेला. त्याचं कारण नंतर सांगतो.

माझा पिंड चौकसपणाचा. यंत्र आहे की नाही हे तर मला हवंच होतं, पण त्याहून मोठा प्रश्न असा, की ही बातमी आपल्या आधी कोणाला कळली? मी धागा धरून मागे मागे गेलो. मला चष्मेवाल्याने सांगितलं होतं. चष्मेवाल्याला अध्यक्षांनी. अध्यक्ष म्हणाले, गॅरेजवाल्याने. गॅरेजवाला गाडीखालून नुसते पाय दाखवत म्हणाला, "आठवत नाही हो काका. कुठेतरी ऐकलं. पंक्चर काढताना की कपडे आणायला गेलो तेव्हा..." आणि आत काहीतरी सांडलं, म्हणून पुढे शिव्याच ऐकू आल्या. धागा तिथेच तुटला.

सलूनला लागून इस्त्रीचं दुकान होतं. तिथे रेडिओची बायको काम करायची. गोल चेहऱ्याची, कामाला वाघीण. शर्टाची घडी अशी घालायची की उलगडायला जीव होत नसे. म्हटलं, घरच्या माणसालाच विचारावं.

"अगं पोरी, तुझ्या नवऱ्याच्या बाहीबद्दल लोक काय काय बोलतात, ऐकलंस का?"

तिने इस्त्री उभी केली. "काका, शर्ट द्यायचा असेल तर द्या. बाह्यांचं मी इस्त्रीपुरतंच बघते."

आता राहिला एकच मार्ग. पाठलाग. ह्या वयात माणसाने एवढं तरी करावं.

एका सकाळी रेडिओ बसमध्ये चढला, त्याच्यामागे मी. तो पुढे बसला, मी मागे, तोंडासमोर पेपर. बस शहराच्या मधोमध आली, तो मोठ्या दवाखान्याच्या थांब्यावर उतरला. पुढच्या दाराने गेला नाही, इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने गेला. मी मनात म्हटलं, वा! काय डोकं आहे! हेरगिरीची कचेरी दवाखान्याच्या मागे. कोणाला संशय येणार? मी दबक्या पावलाने दारापाशी गेलो आणि वर पाटी वाचली. डायलिसिस विभाग.

तरी मी आत शिरलो. हार मानणं रक्तात नाही.

"आजोबा, चपला बाहेर," सिस्टर म्हणाली. "कोण हवंय?"

"तो... डाव्या हाताचा काहीतरी..."

"इथे बहुतेक सगळे डाव्या हाताचेच आहेत. नाव सांगा."

नाव! खरं नाव मला कुठे माहीत होतं? पण सांगावं लागलंच नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरून हसण्याचा गदारोळ आला, आणि त्या हसण्याच्या मधोमध एक आवाज, भरधाव, न थांबणारा, कोणत्यातरी टकल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगणारा. मी वळून बघितलं. रेडिओ चालू होता!

एका ओळीत खाटा होत्या, प्रत्येक खाटेशी कपाटाएवढं यंत्र. म्हणजे यंत्र होतं तर खरं, फक्त बाहीत नव्हतं. रेडिओची डावी बाही खांद्यापर्यंत वर सरकवलेली. हात बघून मी जरा मागे सरलो. मनगटापासून कोपरापर्यंत दोरखंडासारखी फुगलेली शीर, जागोजागी उंचवटे, तिच्यात दोन सुया, दोन नळ्या. एकीतून रक्त यंत्रात जात होतं, दुसरीतून परत येत होतं.

"बसा काका," तो म्हणाला. "बसमध्ये पेपर उलटा धरला होतात."

मी बसलो.

"दोन्ही किडन्या बिनपगारी रजेवर गेल्यात," तो म्हणाला. "परत कधी येणार विचारलं तर डॉक्टर आढ्याकडे बघतात. त्यांचं काम आता हे धूड करतं. आठवड्यातून तीनदा रक्त गाळून देतं. ह्याची हजेरी चुकवता येत नाही. शेठची येते."

"आणि ते घुरघुरतं ते काय?"

"हात ठेवा."

मी बोटं ठेवली. कातडीखाली काहीतरी थरथरत धावत होतं, अखंड.

"आठवड्यातून तीनदा एवढ्या जाड सुया टोचायला साधी शीर पुरत नाही. म्हणून ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. रक्त जोराने घुसतं, त्याचा आवाज. मी सकाळी डोळे उघडले की आधी हात कानाला लावतो. घुरघुर आहे ना? आहे. मग दात घासतो. ती थांबली तर तसंच पळत इथे यायचं. ह्या हाताने ओझं नाही उचलायचं, घड्याळ नाही, घट्ट बाही नाही. माझी ही हौस नाही हो ढगळ बाहीची."

"आणि गालातली कळ?"

तो एवढा हसला की सिस्टर ओरडली, "रेडिओ, हात हलवू नकोस!"

"बर्फ, काका. पाणी मोजून प्यायचं. प्यायलेलं बाहेर जातच नाही, अंगात साठतं, पाय सुजतात, छाती भरते. तहान लागली की बर्फाचा खडा ठेवायचा. आणि खरं सांगू का, तोंडात काही असलं की बोलता येत नाही. मी बोलायला लागलो की एकातून एक निघत जातं. कुठल्यातरी दिवशी हेही निघेल. म्हणून खडा."

"पण सांगून टाकायला काय झालं? चोरी केलीयस का?"

तेव्हा त्याचं हसणं जरा बारीक झालं. "मागच्या सलूनमध्ये सांगितलं होतं. लोक वाईट नव्हते हो. 'आराम कर रे बाबा,' म्हणायचे आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचे. एकाने हळूच विचारलं, चिकटत तर नाही ना? कोणाला चिकटणार? मी सांगायचो, ते मान डोलवायचे, आणि पुढच्या वेळी परत शेजारच्या खुर्चीत. मालक म्हणाला, थोडे दिवस घरी बस. बसलो. यंत्राच्या खर्चात सवलत मिळते, पण इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, येणं-जाणं आहे, लेकीची शाळा आहे. बायको इस्त्री फिरवून किती फिरवणार? सगळे आराम द्यायला तयार होते, काका. काम कोणी देईना."

"आणि ही हेर असल्याची भानगड?"

"कोणी उठवली देव जाणे! पण बरी आहे. हेराच्या खुर्चीत लोक घाबरत का होईना, बसतात." मग त्याने उजवा हात जोडल्यासारखा छातीशी धरला. "खिडकीची खुर्ची गेली तर माझं घर बसेल. पोटात ठेवाल ना?"

काय माणूस आहे! साऱ्या गल्लीत एक माझंच पोट असं, की ज्यात गोष्ट घातली तर ती चालत बाहेर येते, आणि हा मलाच सांगतोय पोटात ठेवा. पण ठेवलं. कसं ठेवलं माझं मला माहीत. चष्मेवाला खोदून खोदून विचारायचा, "काका, काही कळलं का?" आणि मी मान हलवायचो. बायको म्हणाली, बरं वाटत नाही का तुम्हाला, इतके गप्प कसे?

इकडे शेठचा भाचा काम शिकून आला. केसांना तीन रंग, कानात बाळी, कात्री बोटावर फिरवत नाचवायचा. शेठला त्याला खिडकीत बसवायची घाई. एकदा मला हात धुवायच्या बेसिनपाशी ओढून शेठने नळ सोडला, आवाज व्हावा म्हणून, आणि कानात म्हणाला, "काका, तीन सकाळी खुर्ची रिकामी. गिऱ्हाईक रस्त्यावरून बघतं आणि जातं. दुसरा कोणी असता तर कधीच काढला असता. पण ह्याला..." त्याने डोळ्यांनी बाही दाखवली.

"अरे, घाबरतोस कशाला? तू काय केलंयस?"

"पाटी," शेठ पुटपुटला. "दुकानाची. परवाना लहान पाटीचा आहे."

बघितलंत? सबंध भिंतभर पाटी लावून बसला होता आणि बाहीला भीत होता! मला हसू आवरेना. पण एवढं खरं, की त्या पाटीने आणि त्या बाहीने मिळून रेडिओची खुर्ची धरून ठेवली होती.

मग चहावाल्याचं झालं.

चहावाल्याची हातगाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. उंचापुरा, भरघोस मिशांचा, स्वभावाने तापट. त्या मिशांवर त्याचं लेकरासारखं प्रेम. एकदा रेडिओकडून केस कापून घेताना तो बढाई मारत बोलून गेला, की पालिकेचा साहेब आला की गाडी आत घेतो, साहेबाची पाठ फिरली की परत फुटपाथवर. दुसऱ्या दिवशी पालिकेचा ट्रक आला आणि गाडी उचलून घेऊन गेला.

सुट्टीचा दिवस होता. सलून गच्च भरलेलं, बाकावर बसायला जागा नाही, अध्यक्ष खुर्चीत, गाल साबणाने माखलेले, रेडिओच्या हातात वस्तरा. चहावाला दारात येऊन उभा राहिला.

"माझ्या पोटावर पाय दिलास," तो म्हणाला. "गाडी गेली. भांडी गेली. घरी काय सांगू? सांग, काय मिळालं तुला?"

रेडिओच्या गालात खडा होता. तो नुसता बघत राहिला.

"बोल की! का तेही वर विचारून बोलणार?"

"अरे, तो वस्तरा तरी खाली ठेवू दे त्याला," अध्यक्ष साबणातून म्हणाले. "माझा गळा आहे इथे."

मी बाकावरून उठलो. जीभ नुसती वळवळत होती. रेडिओने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. मग त्याने वस्तरा ठेवला, तोंडातला खडा तळहातावर काढून बेसिनमध्ये टाकला आणि डाव्या बाहीचं बटण सोडलं. शेठचा भाचासुद्धा कात्री फिरवायची थांबला. बाही वर वर गेली. तो दोरखंड दिसला, ते उंचवटे दिसले, आदल्या दिवशीच्या सुयांच्या चिकटपट्ट्या दिसल्या.

"इकडे ये," तो चहावाल्याला म्हणाला. "कान लाव. लाव रे, खात नाही मी."

चहावाला वाकला. मिशा त्या हाताला टेकल्या.

"काय ऐकू येतंय?"

"घुरघुरतंय."

"ते माझं रक्त आहे. माझ्या किडन्या गेल्यात. तीन सकाळी मी दवाखान्यात यंत्राला लागलेला असतो, कोणाच्या कचेरीत नाही. विश्वास नसेल तर काकांना विचार. ते पाठलाग करून बघून आलेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे अशी बातमी होती आणि ती दुसऱ्यानेच सांगून टाकली होती.

"खरं आहे," मी म्हटलं. दुसरं काय उरलं होतं?

चहावाला खाली बसला, बाकावर नाही, जमिनीवरच. पण आमची माणसं ती आमचीच. क्षणभर हळहळले आणि लगेच रांग लागली. "मला ऐकू दे." "मला पण." गॅरेजवाल्याने तर कान लावून निदान केलं, "इंजिन चांगलं आहे, पंपिंग जोरात आहे." अध्यक्ष साबण वाळलेल्या गालांनी रुसून बसले होते.

"म्हणजे माझी गटाराची तक्रार कुठेच गेली नाही?"

"नाही साहेब."

"पण गटार साफ झालं!"

"झालं असेल आपलं आपण."

"शक्यच नाही," अध्यक्ष म्हणाले. आजही ते मानत नाहीत.

शेठ गल्ल्यावरून उठून आला. चेहऱ्यावर दोन गोष्टी एकदम दिसत होत्या. पाटी बचावली ह्याचा आनंद, आणि फसवलं गेल्याचा राग. "अरे, मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

शेठ खोटं बोलू शकला असता. पण सगळ्यांसमोर तो म्हणाला, "नसतं."

खिडकीची खुर्ची दुसऱ्याच दिवशी भाच्याला गेली. ह्यात काही गोड करून सांगण्यासारखं नाही. रेडिओला मिळाली ती मागची, बेसिनजवळची, जिथे अंधार आणि नळाची टिपटिप. शेठचा हिशोब सरळ होता. ती रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून रिकामी राहिली तरी दुकान पडल्यासारखं दिसत नाही. आणि ती रिकामी राहिली. चष्मेवाला भाच्याकडे जाऊन बसला आणि डोक्याला रंग लावून घेऊन आला, त्याच्या बायकोने त्याला दोन दिवस टोपी घालायला लावली. बाकीचे येता-जाता "आराम कर रे बाबा" म्हणायचे. तेच ते शब्द. रेडिओ स्टुलावर बसून कात्री पुसायचा. मला वाटलं, गेलं ह्याचं.

मग एका दुपारी चहावाला आला. दंड भरून गाडी सोडवून आणली होती. तो तडक मागच्या खुर्चीत जाऊन बसला.

"केस तर परवाच कापलेत तुझे," रेडिओ म्हणाला.

"मिशा काढ."

"वेडा आहेस का?"

"काढ म्हणतो ना. माझ्याकडे काढण्यासारखं आणखी काही नाही."

रेडिओने नवं पातं लावलं, त्याच्या डोळ्यांदेखत कागदातून काढून, जसं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला लावत आला होता. आणि मिशा उतरवताना तो बोलायला लागला. आता लपवायला काही उरलं नव्हतं, गालात खडा असला तरी त्याच्या बाजूने शब्द निघायचे. दवाखान्यातल्या सिस्टरची नक्कल केली, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची, यंत्राच्या पिपाणीची. बाकावरची माणसं एकेक करून उठून मागे सरकली. चहावाला मिशा गेल्यावर ओळखू येईना, त्याच्या घरच्यांनी त्याला दारात अडवलं म्हणे, पण त्या दिवसापासून मागची खुर्ची कशीबशी चालू लागली. वाटेने जाणारा एकही तिकडे येत नाही. येतात ते रेडिओसाठी येतात.

कमाई पूर्वीपेक्षा कमीच आहे. यंत्रावरून आल्यावर कधी बोटांत वांब येतात, बोटं आखडतात, मग तो कात्री ठेवून म्हणतो, "आज निम्मंच डोकं होईल, उरलेलं उद्या." लोक निम्म्या डोक्याने घरी जातात. दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर, सिस्टरच्या परवानगीने, तो आत जायच्या आधी चार पेशंटांचे केस कापतो. तेवढाच हातभार. सगळ्यात मोठा त्रास प्रेमाचा. चहावाला फळांचा रस आणतो, अध्यक्ष केळी आणतात, आणि ह्याला दोन्ही वर्ज्य, किडन्या नसल्या की फळांतले क्षार अंगात साठतात! तो ते सगळं भाच्याला देतो. भाचा चांगला गुबगुबीत झालाय.

माझंच काय ते नुकसान. गल्लीची खबर आता बाकावर येत नाही, आधी रेडिओच्या खुर्चीत जाते, आणि मला शिळी मिळते.

पण तुटलेला धागा मला झोपू देईना. एके दिवशी मी शर्ट घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेलो. पलीकडून भिंतीआडून त्याचा आवाज येत होता, हसणं येत होतं. ती ऐकत होती आणि इस्त्री फिरवत होती.

"पोरी, आता तरी सांग. पहिल्यांदा ते यंत्राचं कोण बोललं?"

तिने इस्त्री उभी केली. शर्टाची बाही बोटांनी सरळ केली.

"गॅरेजवाले कपडे न्यायला आले होते. नुकतेच ह्यांच्याकडून केस कापून. म्हणाले, तुमच्या नवऱ्याच्या हातात काहीतरी घुरघुरतं, दुखणंबिखणं आहे का? वाटलं, गेली ही पण खुर्ची. समोर शर्टाची बाही होती. म्हटलं, हळू बोला. यंत्र आहे आत." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांना नका सांगू, काका. ह्यांना वाटतं ती अफवा आपोआप उठली."

रेडिओच्या बाहीत यंत्र नव्हतं. डायलिसिससाठी जोडलेली शीर होती, आणि नवऱ्याची खुर्ची जाऊ नये म्हणून ती अफवा त्याच्या बायकोने उठवली होती.